दोन डॉलरची पट्टी: श्राइनर मंडळींच्या बालरुग्णालयांचं प्रकरण

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट नावाचं शहर आहे. तिथल्या श्राइनर रुग्णालयात १९२२ साली दाखल झालेली पहिली रुग्ण एक लहान मुलगी होती. तिचं एक पाऊल जन्मापासून आत वळलेलं. चालायचं तर होतंच, म्हणून ती तळवा सोडून त्या पावलाच्या वरच्या अंगावर चालायला शिकली होती. आपल्या पायाच्या ज्या बाजूवर चपलेचा पट्टा येतो, ती तिची जमिनीला टेकणारी बाजू.

अशा मुलाचे पाय सरळ करणं एका शस्त्रक्रियेत उरकत नाही. पाऊल थोडं वळवायचं, प्लास्टर घालायचं, काही दिवसांनी ते काढून आणखी थोडं वळवायचं, पुन्हा प्लास्टर. मग पट्ट्यांचे बूट. मूल वाढतं तसे बूट लहान होतात, नवे करावे लागतात. त्या काळी मुलं महिनोन् महिने रुग्णालयात राहत. रोजंदारीवरच्या बापाला हा खर्च झेपणं शक्य नव्हतं, आणि धर्मादाय पेटीत वर्षातून एकदा जमणाऱ्या पैशांवरही तो भागणारा नव्हता. इमारत एकदाच्या देणगीतून उभी राहते. खाट मात्र दर महिन्याला पैसे मागते. या प्रकरणातली सगळी गंमत आणि सगळं दुखणं याच एका गोष्टीत आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

ही रुग्णालयं काढणारी मंडळी म्हणजे श्राइनर. १८७२ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) या जुन्या बंधुसंघातल्या पुरुषांनी स्थापन केलेला हा वेगळा बंधुसंघ. वॉल्टर फ्लेमिंग नावाचे डॉक्टर आणि विल्यम फ्लॉरेन्स नावाचे नट हे त्याचे मूळ पुरुष. मेसन मंडळींच्या बैठका गंभीर असत. त्याच लोकांना जरा मोकळेपणाने भेटता यावं, जेवणं व्हावीत, गाणंबजावणं व्हावं, एवढाच हेतू होता. अरबी थाटाची नावं आणि गोंडा लावलेली लाल फेज टोपी त्यांनी घेतली ती हौसेपोटी. इस्लामशी त्याचा काही संबंध नाही. शाखांना ते 'टेंपल' म्हणत. अमेरिकेत राहिलेल्या मराठी माणसांनी मिरवणुकीत एवढ्याएवढ्याशा मोटारीत दाटीवाटीने बसलेले लाल टोपीवाले आजोबा पाहिले असतील. ते हेच.

एक गोष्ट इथेच लिहायला हवी. हा बंधुभाव सगळ्यांसाठी नव्हता. संघ फक्त पुरुषांचा, आणि दीर्घकाळ गोऱ्यांचाच. कृष्णवर्णीय मेसन मंडळींचा स्वतंत्र श्राइन संघ होता. तो बंद पाडण्यासाठी यांनी कोर्टकचेऱ्या केल्या आणि १९२९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. मुलांसाठी खिसा मोकळा करणारी माणसं दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरची तीच टोपी खपवून घ्यायला तयार नव्हती. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे वगळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

पोर्टलंडची सभा

संकटाच्या वेळी श्राइनर पैसे पाठवत असत. १८८८ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला पीतज्वराची साथ आली तेव्हा, १८८९ मध्ये जॉन्सटाउनला पूर आला तेव्हा, १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला तेव्हा. पण तो आग लागल्यावर बादली घेऊन धावण्यातला प्रकार होता. १९१९ पर्यंत सभासद साडेतीन लाखांच्या वर गेले होते आणि एवढ्या मोठ्या संघाचं स्वतःचं म्हणावं असं कायमचं काम एकही नव्हतं.

त्या वर्षी संघाचे प्रमुख होते फिलाडेल्फियाचे फ्रीलंड केन्ड्रिक. पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले. अटलांटा भागात स्कॉटिश राइट या मेसन पंथाच्या मंडळींनी अपंग मुलांसाठी चालवलेलं एक रुग्णालय ते पाहून आले, आणि ते दृश्य त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी प्रस्ताव मांडला की प्रत्येक सभासदाकडून वार्षिक पट्टी, म्हणजे ठरावीक वर्गणी, घ्यावी आणि अनाथ, निराधार व अपंग मुलांसाठी एक स्मारक उभारावं. प्रस्ताव ढोबळ होता आणि तसाच राहिला. मग केन्ड्रिक यांनी वर्षभर शाखा पालथ्या घातल्या. एकूण १४६ टेंपलांपैकी बहुतेक ठिकाणी ते जाऊन आले, प्रत्येक ठिकाणी हेच बोलले, आणि प्रस्तावाला नेमका आकार दिला. अपंग मुलांचं रुग्णालय काढायचं, दर सभासदामागे वर्षाला दोन डॉलर घ्यायचे.

१९२० साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला वार्षिक सभा भरली. कोणत्याही मंडळाच्या सभेत होतं तेच तिथे सुरू झालं. रुग्णालय कुठे बांधणार? चालवणार कोण? आम्हाला यातलं काय कळतं? अजून अभ्यास करू, पुढच्या वर्षी बघू. 'पुढच्या वर्षी बघू' या तीन शब्दांनी जगात किती चांगली कामं गिळली असतील! हेही तिकडेच निघालं होतं.

तेव्हा अटलांटाचे फॉरेस्ट अडेअर उठले. त्यांचं भाषण श्राइनर मंडळींमध्ये आजही 'बुडबुड्यांचं भाषण' म्हणून सांगितलं जातं. अडेअर यांनी ना आकडे सांगितले, ना नियम. ते म्हणाले, पहाटे हॉटेलात मला जाग आली ती रस्त्यावरच्या वाजंत्र्यामुळे. कुणी एक वादक बुडबुडे उडवण्याच्या एका लोकप्रिय गाण्याची चाल वाजवत एकटाच हिंडत होता. बऱ्याच वेळाने पाहिलं तर स्वारी तीच चाल वाजवत अजून फिरतेच आहे. आपलंही तसंच चाललंय. बँडवर खर्च केला, गाण्यांवर केला, आता माणसांवर करू या. सगळ्या तांत्रिक हरकती बाजूला ठेवा. एकदा त्या मुलांना पाहिल्यावरही ज्याला आपले दोन डॉलर वाया गेले असं वाटेल, त्याला मी स्वतः चेक लिहून देईन.

ठराव एकमताने मंजूर झाला.

या भाषणाचं कौतुक नेहमी त्यातल्या भावनेसाठी होतं. मला त्यातला चेक जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांकडून पैसे मागताना अडेअर यांनी जबाबदारी स्वतःच्या खिशावर घेतली. आणि ज्यांच्याकडून ते पैसे मागत होते ते लोक समोर बसलेले होते, मत देणारे होते, उद्या हिशेब विचारणार होते. देणारा, ठरवणारा आणि जाब विचारणारा एकच. वर्गणी गोळा करण्याच्या कामात याहून भक्कम पाया नाही.

दोन डॉलरचं गणितही पाहा. साडेतीन लाख सभासदांचे वर्षाला सात लाख डॉलर होतात. दोन डॉलर कुणाला जड नव्हते. श्रीमंताला जास्त देण्याचा मोठेपणा नाही, गरिबाला कमी देण्याची लाज नाही. आणि रक्कम दर वर्षी येणार, हे आधीपासून ठाऊक. महिन्याला पैसे मागणाऱ्या खाटेला असाच पैसा लागतो.

एकाची बावीस

समितीने अस्थिशल्य डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि मूळ बेत बदलला. एकच भव्य रुग्णालय बांधलं तर दूरचं मूल तिथे पोचणार कसं? म्हणून १९२१ च्या सभेत ठरलं की देशभर अनेक रुग्णालयं काढायची. पहिलं श्रीव्हपोर्टला. त्यानंतर त्याच दशकात होनोलुलू, मिनीॲपोलिस, सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड, सेंट लुइस अशी रांगच लागली. कॅनडात माँट्रिअललाही निघालं. नियम साधे होते. ज्या घराला खर्च परवडत नाही त्या घरातलं मूल, आणि उपचाराने सुधारेल असं मुख्य डॉक्टरांना वाटेल असं मूल. घरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. मेसन असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता.

१९५५ नंतर पोलिओची लस आली आणि खाटा रिकाम्या पडू लागल्या. एखाद्या संस्थेने त्यावर समाधान मानून दम घेतला असता. यांनी भाजलेल्या मुलांकडे मोर्चा वळवला. १९६० च्या दशकात गॅल्व्हेस्टन, सिनसिनाटी आणि बोस्टन इथे खास भाजलेल्या मुलांसाठी रुग्णालयं उभी राहिली. भाजलेल्या मुलाची कातडी बदलणं, त्याला जंतूंपासून वाचवणं, वाढत्या अंगाबरोबर व्रण सैल करत राहणं, हे सगळं शिकण्यात या रुग्णालयांचा मोठा वाटा आहे. यावर स्वतंत्र लेख व्हावा इतकं ते काम मोठं आहे, इथे फक्त नोंद करतो.

तोपर्यंत पैशांच्या वाटाही वाढल्या होत्या. १९२५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत पूर्व विरुद्ध पश्चिम असा महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना रुग्णालयांसाठी भरू लागला. त्याचं घोषवाक्य होतं की धडधाकट पाय धावतात ते दुबळ्या पायांना चालता यावं म्हणून. लोक मृत्युपत्रात रुग्णालयांच्या नावे ठेवू लागले, आणि त्यातून मोठा स्थायी निधी साठला.

आणि १९७० मध्ये एक छायाचित्र आलं. इंडियाना राज्यातल्या एव्हान्सविलला मुलांची सहल होती. छायाचित्र पाठीमागून टिपलेलं आहे. लाल टोपी घातलेला एक माणूस एका चिमुरडीला एका हातावर घेऊन चालला आहे, आणि त्याच्या दुसऱ्या हातात तिच्या कुबड्या आहेत. चेहरा त्याचा धड दिसत नाही. मूल आणि कुबड्या दोन्हींचा भार त्याने घेतलाय, एवढंच दिसतं. पुढे त्यावरून पुतळे झाले, बिल्ले झाले, कागदांवरची चिन्हं झाली. पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा असं ते चित्र आहे. ते खोटंही नाही. त्या क्षणी तो माणूस खरोखरच त्या मुलीला उचलून नेत होता.

सर्कशीचं तिकीट

आता दुखऱ्या भागाकडे येतो.

१९०६ सालापासून, म्हणजे रुग्णालयं निघण्याच्याही आधीपासून, डेट्रॉइटच्या शाखेने सर्कस भरवायला सुरुवात केली होती. ही कल्पना चांगली चालली आणि शहरोशहरी 'श्राइन सर्कस' येऊ लागली. पद्धत अशी की शाखा एखादी सर्कस कंपनी ठरवते, मैदान किंवा सभागृह घेते, सभासद गावभर तिकिटं खपवतात, दुकानदारांकडून जाहिराती आणतात. कंपनीचा हिस्सा आणि खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न शाखेचं.

शाखेचं, रुग्णालयाचं नाही. कायद्याच्या दृष्टीने संघ ही एक संस्था आणि रुग्णालयं चालवणारी धर्मादाय संस्था दुसरी. दोघांची करमाफीची कलमंसुद्धा वेगळी. शाखेच्या पैशातून इमारतीची डागडुजी होते, मिरवणुकीचे बँड होतात, जेवणं होतात, प्रतिनिधींचा प्रवास होतो. त्यातूनच रुग्ण मुलांना शेकडो मैलांवरच्या रुग्णालयात मोफत नेण्या-आणण्याच्या गाड्याही चालतात, हेही सांगितलं पाहिजे. गाडी चालवणारे सभासद पहाटे उठून, पगार न घेता ते काम करतात.

पण तिकीट घेणाऱ्या बाईला यातलं काय माहीत? दारात लाल टोपीवाला उभा आहे. रुग्णालय म्हटलं की श्राइनर आणि श्राइनर म्हटलं की रुग्णालय, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं आहे. तिच्या मते ती आपल्या पोराला हत्ती दाखवतेय आणि त्याच पैशात दुसऱ्या कुणाच्या पोराचा पाय सरळ करतेय.

१९८६ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडो सेंटिनेल या वृत्तपत्राने या हिशेबांचा माग काढला. जनतेकडून सर्कशींमधून आलेल्या पैशांपैकी रुग्णालयांपर्यंत पोचणारा भाग नाममात्र होता, असं त्यातून पुढे आलं. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेही शाखांमधल्या रोख व्यवहारांवर सविस्तर लिहिलं. संघाच्या बाजूने उत्तर होतं की सर्कस ही शाखेसाठीच असते, तसं आम्ही लपवलेलं नाही, आणि रुग्णालयांचा निधी वेगळा व चोख आहे. शब्दाला शब्द लावला तर ते खरं आहे. रुग्णालयाच्या नावाने दिलेला पैसा रुग्णालयाकडेच जात होता.

तरीही मी त्या तिकीट घेणाऱ्या बाईच्या बाजूने आहे. पोर्टलंडच्या सभेत पैसे देणाऱ्याला सगळं माहीत होतं. सर्कशीच्या दारात देणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, आणि ते त्याला माहीत करून देण्याची घाई कुणाला नव्हती. गैरसमज आपण पसरवला नसेल, पण त्यावर आपलं घर चालत असेल, तर तो दूर करणं आपल्याच अंगावर येतं. आता सर्कशीच्या जाहिरातींवर सूचना असते की उत्पन्न शाखेच्या कामासाठी वापरलं जाईल आणि तिकिटाच्या रकमेवर करसवलत नाही. ही ओळ सुरुवातीपासून, ठळक छापलेली असती तर तिकिटं थोडी कमी खपली असती. पण खपली असतीच. हत्ती बघायला पोरं आलीच असती.

हा नुसता नैतिकतेचा मुद्दा नाही. पट्टीतून आलेला पैसा सभासदसंख्येवर अवलंबून असतो, आणि तीच आटत चालली होती. एकेकाळी नऊ लाखांच्या वर गेलेले सभासद २००९ पर्यंत चार लाखांच्या आत आले होते. श्राइनर व्हायचं तर आधी मेसन असावं लागतं. मेसनांच्या लॉजमध्येच, म्हणजे शाखांमध्येच, तरुण येत नव्हते, तर श्राइनमध्ये कुठून येणार? म्हणजे रुग्णालयांचा भार हळूहळू अनोळखी माणसांच्या खिशावर सरकत होता. अनोळखी माणूस सभेला येत नाही. त्याच्याकडे विश्वासाशिवाय काही नसतं, आणि विश्वास एकदा गेला की तो भांडत नाही, नुसता द्यायचा थांबतो.

सॅन अँटोनिओ, जुलै २००९

२००८ च्या मंदीत शेअर बाजार कोसळला आणि रुग्णालयांचा स्थायी निधी सुमारे आठ अब्ज डॉलरवरून पाच अब्जांवर आला. खर्च भागवायला त्या निधीतून रोज जवळपास दहा लाख डॉलर काढले जात होते. अशाने काही वर्षांत मुद्दलच संपलं असतं. त्यातच २००८ च्या सप्टेंबरात आइक वादळाने गॅल्व्हेस्टनच्या रुग्णालयात पाणी घुसलं आणि ते बंद पडलं.

व्यवस्थापनाने बावीसपैकी सहा रुग्णालयं बंद करण्याचा विचार पुढे ठेवला. गॅल्व्हेस्टन, स्प्रिंगफील्ड, ईरी, स्पोकेन, ग्रीनव्हिल आणि श्रीव्हपोर्ट. होय, यादीत श्रीव्हपोर्टही होतं, जिथून सगळं सुरू झालं तेच.

निर्णय सॅन अँटोनिओच्या वार्षिक सभेत प्रतिनिधींनी घ्यायचा होता. एखाद्या धर्मादाय कंपनीत हा निर्णय संचालकांच्या खोलीत दहा माणसांनी घेतला असता आणि बाहेर एक पत्रक आलं असतं. इथे शेकडो लाल टोप्या एका सभागृहात बसल्या होत्या. त्यातल्या कित्येकांनी त्या सहा रुग्णालयांपर्यंत मुलांना स्वतः गाडीतून नेलेलं होतं. हिशेब त्यांना समजत नव्हता असं नाही. पण त्यांना मुलं नावानिशी माहीत होती.

प्रतिनिधींनी एकही रुग्णालय बंद न करण्याचा कौल दिला. त्याबरोबर दुसरी गोष्टही मान्य केली, जी त्यांच्या मनाला जास्त लागली असणार. आजवर या रुग्णालयांनी कुणाकडूनच बिल घेतलं नव्हतं, विमा कंपनीकडूनही नाही. आता ज्यांचा विमा आहे त्यांच्या कंपनीकडून पैसे घ्यायचे असं ठरलं. मात्र ज्याच्याकडे विमा नाही, पैसे नाहीत, त्याचा उपचार अडणार नाही, हा शब्द कायम ठेवला.

काहींच्या मते हा भावनेच्या भरात घेतलेला निर्णय होता. पुढच्या काळाने त्यांची बाजू थोडी राखली असंही म्हणता येईल. ईरीचं रुग्णालय एका दिवसात घरी पाठवता येईल अशा शस्त्रक्रियांपुरतं उरलं. मिनीॲपोलिसच्या जुन्या रुग्णालयाची जागा दवाखान्याने घेतली, ह्यूस्टनचं काम २०२१ मध्ये गॅल्व्हेस्टनला हलवलं, सिनसिनाटीचं डेटनला गेलं. तरी मला तो कौल चुकीचा वाटत नाही. आटोपतं घ्यायचं ते मुलं कुठे जाणार हे ठरवून, एकेका ठिकाणचा विचार करून घेता आलं. सहा दारं एका फटक्यात लागली असती तर ती सवड मिळाली नसती. आणि विम्याचे पैसे घेण्याचा कडू घोट त्यांनी उघड सभेत, मतदान करून घेतला. १९२० ची पद्धत ८९ वर्षांनीही जिवंत होती, ती याच सभेत दिसली.

आज अमेरिकेत टीव्ही लावला की या रुग्णालयांची जाहिरात हमखास दिसते. व्हीलचेअरवरची हसरी मुलं महिन्याला १९ डॉलर मागतात, आणि देणाऱ्याला एक मऊ पांघरूण भेट मिळतं. पट्टीचीच ही नवी तऱ्हा. रक्कम लहान, ठरलेली, दर महिन्याला येणारी. फरक इतकाच की देणारा आता सभागृहात बसलेला नाही. तो आपल्या सोफ्यावर आहे, गुडघ्यांवर ते पांघरूण घेऊन, आणि हिशेब विचारायला हात वर करण्याची सोय त्याला नाही. त्याच्यासाठी हिशेब न विचारता मांडावा लागतो.

श्रीव्हपोर्टचं रुग्णालय चालू आहे. आत वळलेल्या पावलांची मुलं तिथे अजूनही येतात. आता बहुतेक येतात ती तान्हेपणीच, पहिलं पाऊल टाकण्याच्या आधी, आणि आठवड्या-आठवड्याने बदलणाऱ्या छोट्या प्लास्टरांनी पाय सरळ होत जातात.